रॉटरडॅमच्या शीतगृहात आपली पेटी उघडताना

निफाडच्या आमच्या द्राक्षबागेतला माल मार्चमध्ये ज्या आठवड्यात रॉटरडॅमला उतरणार होता, नेमक्या त्याच आठवड्यात मी तिथे गेलो. फेब्रुवारीत बर्लिनच्या फळ-प्रदर्शनाला जाणारे आपल्याकडचे निर्यातदार पुष्कळ आहेत. मला मात्र स्वतःची पेटी तिथे कशी उघडली जाते, ते पाहायचे होते.

रॉटरडॅमला लागून असलेल्या बारेंड्रेख्टमध्ये आयातदारांची शीतगृहे दाटीने उभी आहेत. तिथल्या तपासनिसाने पनेटमधला (पेटीतल्या छोट्या डब्यातला) घड देठाने उचलला, दोनदा हलकेच झटकला, गळलेले मणी मोजले आणि देठ उजेडात धरून निरखला. मणी चाखला तो सगळ्यांत शेवटी. आपण ब्रिक्स, म्हणजे मण्यातली गोडी, मोजण्यात जेवढा जीव टाकतो, त्याच्या निम्माही देठ हिरवा राखण्यात टाकत नाही, हे तिथे उभ्या उभ्या कळले. आमचे देठ तपकिरी पडू लागले होते. कंटेनरमधल्या तापमान-नोंदीचा आलेख काढल्यावर दिसले की माल भरताना तो चार अंशांवर होता आणि शून्यावर यायला त्याला तीन दिवस लागले. प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल थंड करणे, पुरते होण्याआधी गाडी भरण्याची घाई आमचीच होती. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, त्यामुळे अशी घाई आता पूर्वीपेक्षा महाग पडते. दर तुटला, तो देठावरून.

रासायनिक अवशेषांबाबत २०१० चा धडा जुन्या बागाईतदारांना आठवत असेल. वेलीची वाढ आवरायला वापरलेल्या सीसीसीच्या अंशामुळे त्या वर्षी युरोपात आपला माल अडकला होता. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. त्याहून जाचक आहेत ते काही सुपरमार्केटांचे स्वतःचे नियम: कायदेशीर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच अंश चालतो आणि एकूण किती औषधे सापडली, हेही मोजले जाते. म्हणून माल अखेर कोणत्या दुकानात जाणार, हे ऑक्टोबर छाटणीपूर्वीच विचारून फवारणीचे वेळापत्रक आखावे. ग्रेपनेट या आपल्याकडच्या निर्यात-नोंदणी प्रणालीवरचा समाधानकारक अहवाल तिथे पुरेलच असे नाही. ब्रिटनला माल पाठवणाऱ्यांनी २०२१ पासूनची त्यांची अवशेष-मर्यादांची वेगळी यादी पाहावी.

कमिशनवर माल देणार असाल, तर क्लेम (माल खराब निघाल्याचा भरपाईचा दावा) आल्यास त्रयस्थ सर्व्हे कोण करणार आणि कंटेनर उघडल्यापासून किती तासांत, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम लांबला की आपला पांढऱ्या द्राक्षांचा माल मार्चमध्ये त्यांच्याच मालाशेजारी पडून राहतो, आणि नेमके तेव्हाच क्लेम वाढतात. हा योगायोग असावा, असे मला वाटत नाही.

शेंगेन व्हिसासाठी आयातदाराचे निमंत्रणपत्र नोव्हेंबरातच मागवावे, कारण तोडणी सुरू झाल्यावर कागदपत्रांना वेळ उरत नाही. जाड जाकीट सोबत न्यावे. शून्य अंशात दोन तास उभे राहायला स्वेटर पुरत नाही.