शिडीवाले

नाशिकमध्ये भाड्याची खोली बघायला गेलं की नावगाव नंतर, आधी ‘फॅमिली आहे ना?’ फॅमिली होती, पण मनमाडला. पोरीची दहावी, तिला हलवायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे घरमालकांच्या हिशेबात मी लग्नाला सतरा वर्षं झालेला बॅचलर. तीन ठिकाणी नकार मिळाला, चौथ्या ठिकाणी डिपॉझिटचा आकडा ऐकून मीच नकार दिला. माझं काम लोकांच्या गच्च्यांवर सोलर पॅनल बसवायचं. सामान वाहायला एक जुनी मारुती ओमनी घेतलेली, कार्गोची. मागे सीट नाहीत, नुसता पत्र्याचा डबा. खोली मिळेपर्यंत म्हणून एका रात्री त्यात गादी टाकली. ते दहा महिने चाललं.

ही गाडी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत होती. दूधवाले, बेकरीवाले, शाळेची पोरं नेणारे, सगळ्यांकडे तीच. तेव्हा तिच्याकडे कोण कशाला वळून बघेल, असा माझा समज. दिवसा तो खराही आहे. रात्री मात्र हिंदी सिनेमा आडवा येतो. अंधारात ओमनी उभी दिसली की प्रत्येकाच्या डोक्यात तिचं दार सरकतं आणि कुणाला तरी आत ओढलं जातं. पहिल्याच आठवड्यात मी गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, कडुनिंबाखाली, दिव्याचा खांब चुकवून गाडी लावली. काचांना काळी फिल्म लावायला २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी, म्हणून आतून काळं कापड लावलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. साडेअकराला काचेवर टकटक. बाहेर चार गृहस्थ, दोन बॅटऱ्या आणि एकाच्या हातात पोराची क्रिकेटची बॅट. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बॅट आणली असती.

दुसऱ्या दिवसापासून गाडी दिव्याखाली लावायला लागलो. काळं कापड काढून पॅनलची रिकामी खोकी काचांना टेकवली, छापील बाजू बाहेर. आणि रोज रात्री चोरीच्या भीतीने काढून आत घ्यायचो ती अ‍ॅल्युमिनियमची शिडी टपावरच बांधून ठेवली. टकटक बंद. आपल्याकडे अनोळखी गाडी दिसली की माणसाला तिचं कारण लागतं. कारण मिळालं की तो निवांत घरी जाऊन झोपतो. शिडी म्हणजे कुणाकडे तरी काम चालू असणार. एवढं पुरतं.

संक्रांतीच्या आठवड्यात मात्र हीच शिडी अंगाशी आली. सकाळी सहाला, दातसुद्धा न घासलेला मी, दोन पोरांचा पतंग गुलमोहरावरून काढत होतो आणि खालून त्यांची आजी ‘डावीकडं, अजून डावीकडं’ करत होती. पतंग निघाल्यावर तिने विचारलं, “कोणाकडं काम काढलंय?” तोंडात आलं ते म्हणालो, “कुलकर्ण्यांकडे.” आजी माझ्याकडे बघतच राहिली. “ते दिवाळीतच वारले की.” शिडी बांधली आणि ती गल्ली कायमची सोडली.

बाकीचे नियम अनुभवाने ठरत गेले. राहायचं एकीकडे, झोपायचं दुसरीकडे. जेवण, कपडे बदलणं, घरी फोन, सगळं मुंबई नाक्याकडच्या वर्दळीत उरकून घ्यायचं आणि साडेदहाच्या सुमारास झोपायच्या गल्लीत यायचं ते फक्त आडवं व्हायला. पाच गल्ल्या, एकेका वाराला एकेक, शनिवारी मनमाड. गाडी थांबली की खाली उतरायचं नाही, कारण ओमनीचं सरकतं दार. दिवसा ऐकू येत नाही ते दार रात्री असं खर्रर्र करत जातं आणि असं आदळतं की तीन मजल्यांवरचे दिवे लागतात. म्हणून पुढच्या सीटवरून मागे चढून जायचं. इंजिन त्या सीटखालीच, त्यामुळे थंडीत पहिला अर्धा तास बसायला ऊब. एप्रिलचं विचारू नका.

सगळ्यात जास्त घात करते ती काच. जानेवारीत तिकडे निफाडला पारा दहाच्या खाली उतरतो आणि नाशिकलाही हुडहुडी भरते, तेव्हा सगळं बंद करून झोपावंसं वाटतं. पण रात्रभर आपला श्वास काचेवर जमतो आणि सकाळी ओघळ धरतो. रस्त्यावरच्या रिकाम्या गाड्यांवर दव बाहेरून असतं, बोट फिरवलं की पुसलं जातं. माझ्या काचेवर ते आतून असायचं. एकदा फिरायला निघालेल्या एका निवृत्त गृहस्थांनी जाता जाता बोट फिरवलं, काच पुसली जाईना, पुन्हा फिरवलं, आणि मग खाली वाकून खोक्यांच्या फटीतून आत बघितलं. आमची नजरानजर झाली. दोघांनीही ती झाली नाही असं दाखवलं. तेव्हापासून दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या.

अंघोळीचं मात्र या गावात टेन्शन नाही. दुसऱ्या कुठल्या शहरात पहाटे पाचला उघड्यावर तांब्याने अंगावर पाणी घेतलं तर लोक संशयाने बघतील. रामकुंडावर पुण्य लागतं. शेजारी कोण आंध्रातून आलेलं, कोण गुजरातेतून, आणि मी मुंबई नाक्याहून. घाटावर झोपायचं मात्र टाळायचो. बुधवारचा बाजार भरतो, त्याच्या आधी जागेवरून भांडणं सुरू होतात. आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं गावभर मोजलं जातं. दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी तिथे पाण्यात सापडतेच. माझं तर घरच.

तर इतकं सगळं पाळून मी स्वतःला पक्का समजायला लागलो होतो. इंदिरानगरातल्या एका सोसायटीबाहेरची जागा गुरुवारची. मार्चमध्ये एका गुरुवारी मनमाडलाच राहिलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा गाडी लावली, आणि सकाळी पावणेसहाला निघतोय तर वॉचमन मामा काखेत वही मारून पुढ्यात उभे. परिसरात गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायला लागल्यापासून सेक्रेटरींनी रस्त्यावरच्या गाड्या लिहून ठेवायला सांगितलेलं. रकाने तीन: नंबर, वेळ, शेरा. मामांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. डिसेंबरपासूनचे माझे सगळे गुरुवार त्यात होते. दहा पस्तीस, दहा चाळीस. पहिल्या गुरुवारी शेरा नुसता ‘शिडीवाले’. दुसऱ्यापासून ‘शिडीवाले. झोपलेले आहेत.’ प्रत्येक वेळी, आदरार्थी.

“कसं कळलं मामा?” मी विचारलं. “खोकी, दिवा बंद, दार नाही वाजवलं…”

“घोरता ना.”

बायको मनमाडला, मी घोरतो हे इथे मला सांगणार कोण होतं?

मामांनी मागच्या गुरुवारची ओळ काढली. नंबर होता, वेळेच्या जागी आडवी रेघ, शेरा ‘आले नाहीत’. त्यापुढे बरीच जागा कोरी सोडलेली. त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. “हिथं कारण टाका. सेक्रेटरी विचारतात.”

गाडीला वही टेकवून मी लिहिलं: मुलीचा पेपर, गणित भाग दोन.

मामांनी ते वाचलं. “सोपा गेला?”