एक डोकं जास्त

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि अमेरिकेतल्या आठ लष्करी तळांवर अफगाण लोकांना तात्पुरतं ठेवलं, ७६,००० च्या वर माणसं आली, हे सगळ्यांनी तेव्हा बातम्यांत पाहिलंय. मी त्यातल्या एका तळावर होते, नाव लिहीत नाही. मूळची साताऱ्याची, इथे आर्मी रिझर्व्हमध्ये सप्लायला, पण हिंदी येते म्हणून मला बॅरेकवर टाकलं, कारण पेशावरकडे वाढलेल्या बऱ्याच जणांना उर्दू येतं.

लोकांना वाटतं लष्कराचा तळ म्हणजे हुकूम लष्कराचा. कसलं काय! कारभार होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे होता, आम्ही मदतीला, म्हणजे छप्पर, कॉट, जेवण, हीटर. ही माणसं कैदी नाहीत, त्यांना 'गेस्ट'च म्हणायचं, आणि गेस्टला आम्ही शिक्षाही करू शकत नाही आणि त्याला जायचंच असेल तर अडवूही शकत नाही.

माझं काम रात्रीचा हेडकाउंट. ऐकायला फालतू वाटतं पण करून बघा. जुन्या लाकडी दुमजली बॅरेक, लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना बंक, मध्ये एक भिंत नाही, त्यामुळे बायकांनी चादरी आणि ब्लँकेटं बंकांना बांधून खोल्या केलेल्या. आगीच्या भीतीनं ती दिवसा काढायला लावायची आणि संध्याकाळी परत चढायची. यात माणसं मोजायची कशी? दारातल्या जोड्यांवरून नाही, देणगीतले बूट एकेका पोराकडे दोन-दोन जोड. कॉटवरून नाही, दोन कॉट जोडून चार पोरं आडवी झोपतात. जेवणाच्या रांगेवरून तर अजिबात नाही. शेवटी मी प्रत्येक मजल्यावरची एक आजी पकडली. कोण कोणाची सून, कोण पोटुशी, कोण आज चुलत्याकडे झोपलाय, तिला सगळं तोंडपाठ. ते मी वहीत घरवार लिहायचे आणि कॉम्प्युटरवरच्या रोस्टरपेक्षा माझी वही बरोबर निघायची, हे छाती ठोकून सांगते. आमच्या लेफ्टनंटसाहेबांना एक्सेलची बेरीज जुळली की झोप लागायची, माणसं जुळोत न जुळोत.

तर एका बॅरेकमध्ये रोज एक डोकं जास्त. ही फक्त बायका-मुलांची बॅरेक, म्हणजे ज्यांचे नवरे मागे राहिलेत किंवा गेलेत अशांची. आजी काही बोलेना. एका रात्री कोपऱ्यातलं ब्लँकेट बाजूला केलं तर एकोणीस-वीसचा पोरगा जमिनीवर बसून झोपलाय, पाठ बंकाला टेकलेली, आणि धाकटी पुतणी त्याच्या मांडीवर. वहिनी लगेच उठून बसली. "बहनजी, देवर है मेरा. घर में यही एक मर्द बचा है."

मला काय समजवायचं त्यात, आमच्याकडे काय वेगळं असतं? पण नियम असा की एकटे पुरुष वेगळ्या बॅरेकमध्ये, आणि हा नियम उगाच नव्हता, काही तळांवर नको ते प्रकार झाले होते. शिवाय त्याच मजल्यावरच्या एका बाईनं मला हळूच सांगितलंच होतं की तो पोरगा आला की तिच्या मुलींना डोक्यावरची ओढणी काढून झोपता येत नाही. तिचंही खरंच होतं. मी त्याला समोरच्या बॅरेकमध्ये हलवलं, खिडकीजवळचा बंक दिला, वहिनीचं दार दिसेल असा. तो मुकाट्यानं उठला. वहिनी मात्र त्यानंतर माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

इथपर्यंत ठीक, ते मी आजही तसंच करीन. पण गोवराच्या केसेस निघाल्यामुळे लस, मग २१ दिवस थांबा, असं करत करत तळ सोडून कुठल्या तरी गावी कायमचं राहायला जायचा यांचा नंबर उशिरा लागला आणि तेव्हा कळलं की कागदावर या दोन वेगळ्या केस आहेत. वहिनी आणि मुलं व्हर्जिनियाला, हा टेक्सासला. दीर म्हणजे फॅमिली नाही, फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि पोरं. मी वही घेऊन केसवर्करकडे गेले, ती म्हणाली केस नंबर आधीच पडलाय, वरून बदलून आणा. वरचे म्हणाले, हे या लोकांना वसवणाऱ्या संस्थेकडे. आमचा कॅप्टन, बिचारा भला माणूस, म्हणाला, "सार्जंट, आपलं काम बेड आणि जेवण." मी तरी मेमो लिहिला, आजीचा अंगठा घेऊन जोडला.

मेमोचं उत्तर यायच्या आत वहिनी गेली. तो टेक्सासच्या विमानात बसलाच नाही, स्वतःच्या मर्जीनं तळ सोडतोय अशा कागदावर त्यानं सही केली. अशानं मिळणारी काही मदत हातची जाऊ शकते हे मीच त्याला उर्दूत समजावलं, दोनदा. तो म्हणाला, "जी, मालूम है," आणि विचारलं व्हर्जिनियाला बस कुठून मिळते.

पुढं इन्स्पेक्टर जनरलची, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या ऑफिसची माणसं तळ बघायला आली, हीटर, जेवण, कॉट सगळं विचारलं, तेही विचारायलाच हवं. मी माझ्या शीटमध्ये 'कोणाबरोबर राहायचंय' असा एक कॉलम वाढवला होता. तो वरच्या ऑफिसनं उडवला, फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणून. मी वहीत चालूच ठेवला.