बोडीत वाढवलेलं जिरं

आमच्या गावचा तलाव मालगुजारी काळातला, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या वेळचा. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. आता मासोळीचा ठेका आम्हा ढिवरांच्या सोसायटीकडे आहे. आजवर पावसाळ्यात नखाएवढं बीज विकत आणून थेट तलावात सोडायचो. त्यातलं निम्मंशिम्मं मरळ हा शिकारी मासाच खायचा. म्हणून यंदा जिरंच, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं, आणून आमच्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, वाढवायचं आणि मोठं झाल्यावरच तलावात सोडायचं ठरवलं.

उन्हाळ्यात बोडी आटली तरी मरळ चिखलात दबून जीव धरते, म्हणून आधी गाळ उपसला. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन खाऊ दिलं, चुना टाकला, पहिल्या पावसाच्या पाण्यात शेण कालवलं. पाणी हिरवट झालं की जिऱ्याच्या तोंडचा घास तयार. पण त्याच पाण्यात पाणकिडेही माजतात आणि जिरं फस्त करतात. आदल्या दिवशी साबणात तेल खलून पाण्यावर पसरवलं. हवा घ्यायला वर येणारे किडे त्या तवंगाखाली गुदमरतात. वारा पडलेलाच हवा, नाहीतर सगळं तेल एका काठाला जमा होतं.

जिरं आलं ते ऐन धानाच्या रोवणीत, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. उजेडात धरलं तर नुसते काळे डोळेच दिसत होते, बाकी अंग काचेसारखं. पोरं लगेच सोडायला निघाली. मामाजी म्हणाले, "घाई नोको करू बाप्पा, आधी पाण्याले पानी मिळू दे." पंधरा-वीस मिनिटं पिशव्या बोडीत तशाच तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून ओंजळी-ओंजळीनं बोडीचं पाणी आत घातलं आणि पिशवी आडवी केली. जिरं आपलं आपणच बाहेर निघालं.

पुढं रोज धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप, सारख्या मापानं. आभाळ भरलेलं असलं की काहीच टाकायचं नाही. अशाच एका झडीनंतर पहाटे पाण्यातली हवा कमी पडून सगळी पिल्लं वर येऊन तोंड उघडत होती; लगेच इंजिन लावून पाणी उडवलं, तेव्हा निभावलं.

दसऱ्याआधी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, तलावात सोडली. आता काही जण म्हणतात, औषध टाकून मरळ संपवा. माझा ठाम विरोध आहे. कटला-रोहू हिवाळ्यात विकून होतो. पाणी तळाला गेलं की चैत्र-वैशाखात आमची चूल मरळ आणि शिंगी या चिखलात तगणाऱ्या माशांवरच पेटते, आणि बाजारात मरळीलाच जास्त भाव मिळतो.