आधी उघडा, मग मागवा

‘ताई, लॅपटॉपची स्क्रीन घरच्या घरी बदलता येते का हो?’ हा प्रश्न मला जिन्यात विचारला गेलाय, दळणाच्या रांगेत विचारला गेलाय आणि एका साखरपुड्यात तर ताट हातात असताना. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: ‘मग नवीन ऑनलाइन मागवून ठेवू का?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. बदलता येते. मागवू मात्र नका. अजून नाही.

लोकांना भीती वाटते ती स्क्रू ड्रायव्हरची. खरं तर हात थोडा स्थिर असेल आणि घाई नसेल, तर खोलणं-बसवणं हा तासाभराचा मामला आहे. घोडं पेंड खातं ते त्याच्या आधी. एकतर बिघाड स्क्रीनचा नसतोच, आणि असला तर मागवलेलं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा आतला भाग, भलतंच निघतं.

बिघाड ओळखणं आधी. काचेला तडा गेलाय, शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलाय, तर प्रश्नच मिटला. पॅनेल म्हणजे काचेच्या दोन पातळ थरांमध्ये कोंडलेलं लिक्विड क्रिस्टल. काच तडकली की ते जागेवर राहत नाही, आणि ते दुरुस्त करणारा कुणी भेटला तर मला जरूर कळवा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला आणि वरून झाकण दाबलं.

तडा नाही, नुसत्याच रेघा आहेत किंवा अंधार आहे, तर जरा थांबा. एचडीएमआयच्या वायरीने लॅपटॉप टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवरही रेघा आल्या तर दोष ग्राफिक्सचा किंवा मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचा; स्क्रीन बदलून काही उपयोग नाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष पॅनेलचा किंवा केबलचा. मग झाकण हळूहळू मागे-पुढे करा. एका विशिष्ट कोनात चित्र येतं आणि दुसऱ्यात जातं, असं झालं तर पहिला संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्या. ती पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त मिळते. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. आत पुसट चित्र दिसलं तर पॅनेल चालतंय, मागचा प्रकाश तेवढा गेलाय.

डेलवाल्यांना एक जास्तीची सोय आहे. लॅपटॉप बंद करून डी हे बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून पॉवरचं बटण दाबायचं. बहुतेक मॉडेल्समध्ये स्क्रीन स्वतःच पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी रंग बदलत जाते. त्या सपाट रंगांतही रेघ दिसली तर दोष पॅनेलच्या बाजूचा. ही चाचणी फुकट आहे, विंडोज सुरू व्हावं लागत नाही, आणि तरी अनेक वर्षं डेल वापरणाऱ्यांना ती ठाऊक नसते.

आता मागवू नका का म्हणते ते सांगते. लॅपटॉपवर नाव डेलचं, एचपीचं, लेनोवोचं असलं, तरी आतलं पॅनेल सहसा दुसऱ्याच कोणाचं असतं: चीनची बीओई, कोरियाची एलजी डिस्प्ले, तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स आणि इनोलक्स. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची पॅनेलं निघतात, कधी एकात साधी आणि एकात फुल एचडी. त्यामुळे मॉडेलचं नाव टाकून मागवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

खरं नाव पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. उदाहरणार्थ ‘एनव्ही १५६ एफएचएम-एन ४८’. यातलं १५६ म्हणजे १५.६ इंच, आणि एफएच म्हणजे फुल एचडी, १९२० बाय १०८०. तिथेच डब्ल्यूएच असतं तर १३६६ बाय ७६८. शेवटचा तुकडा, ते एन ४८, लोक फालतू समजून गाळतात. तो गाळू नका. केबल जिथे जोडतात त्या कनेक्टरची जागा, त्यातल्या पिनांची संख्या, स्क्रू बसवायच्या कडेच्या पट्ट्या म्हणजे कान आहेत की नाहीत, हे सगळं त्या शेपटावर ठरतं. १५.६ इंचाची दोन पॅनेलं आकाराने सारखी असतात असंही नाही. कान असलेलं जुनं पॅनेल साधारण ३६० मिलिमीटर रुंद असतं, तर नवं बिनकानांचं ३५० च्या आसपास. कागदावर दोन्ही १५.६ इंचच. पिनांचंही तसंच: आजच्या साध्या पॅनेलला सहसा ३० पिना, टच किंवा १४४ हर्ट्झवाल्यांना (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्यांना) बहुधा ४०. आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपांतही ४० पिना सापडतील, पण ती पॅनेलकडे चित्र पाठवायची जुनी एलव्हीडीएस पद्धत, तिचा यांच्याशी काही संबंध नाही.

‘बदलतोच आहे तर फुल एचडीच टाकू’ हा मोह मलाही समजतो. जमतं कधी कधी. पण कमी रिझोल्यूशनच्या लॅपटॉपात कंपनी पुष्कळदा केबलही तेवढ्यापुरतीच देते. फुल एचडीला लागणाऱ्या जास्तीच्या तारा तिच्यात नसतातच. तेच मॉडेल कंपनीने फुल एचडीतही विकलं असेल, तर तिची केबल शोधा आणि मग पुढे जा. डेल, एचपी आणि लेनोवो तिघांच्याही साइटवर मॉडेलवार दुरुस्ती-पुस्तिका फुकट आहेत. कुठला स्क्रू आधी काढायचा, हे त्यात चित्रासकट असतं. व्हिडिओ बघा, पण पुस्तिका आधी वाचा. व्हिडिओतल्या दादाचा लॅपटॉप तुमचा नसतो.

उघडताना पहिलं काम बॅटरीचं. चार्जर काढणं पुरेसं नाही. आत बसवलेली बॅटरी असेल तर खालचं झाकण खोलून तिचा कनेक्टर सोडवा; लेनोवोच्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी तात्पुरती बंद करायची सोयही असते. हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार नाही. मागच्या प्रकाशासाठीचा करंट पॅनेलच्या कनेक्टरमधूनच जातो, आणि बॅटरी चालू असताना त्याच्या पिना जरा तिरक्या लागल्या तर मदरबोर्डवरचा चिमुकला फ्यूज उडू शकतो. मग नवं कोरं पॅनेलही काळंच दिसतं, आणि माणूस विकणाऱ्याशी भांडत बसतो.

बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट, तिच्या कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या असतात. त्यांच्याखाली स्क्रू लपलेले असू शकतात. ते काढल्याशिवाय ओढलंत तर चौकट मोडेल. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड आतल्या कडेने सरकवत न्यायचं. कट कट आवाज येईल, घाबरू नका, त्या चौकटीच्या खाचा सुटतायत. बिजागरीजवळची बाजू शेवटी. पॅनेलचे स्क्रू निघाले की कीबोर्डवर मऊ कापड अंथरून पॅनेल पुढे पालथं घालायचं. ओढून घ्यायचं नाही, केबल अजून मागे अडकलेली आहे. कनेक्टरवर एक पारदर्शक चिकटपट्टी असते, ती हलके सोलायची. काहींवर तारेची बारीक कडी असते, ती आधी उचलायची आणि मग कनेक्टर पॅनेलला समांतर सरकवून काढायचा, वर उपटायचा नाही. स्टिकर आता समोर आहे. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, सगळं पुन्हा जोडा, आणि आता खुशाल मागवा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपांत पॅनेलला स्क्रूच नसतात, पॅनेलच्या दोन्ही कडांना ताणली जाणारी चिकटपट्टी असते. तिचं टोक धरून सावकाश, पॅनेलला समांतर ओढत राहायचं. तुटली तर उरलेलं सोडवताना जुनं पॅनेल बहुतेक फुटतं; ते फुटलेलंच असेल तर चिंता नाही.

नवं आलं की केबल जोडा, बॅटरी लावा आणि चौकट बसवायच्या आधी चालू करून बघा. पांढऱ्या, मग काळ्या पानावर मेलेले, म्हणजे रंग न बदलणारे, ठिपके तपासा. वरची प्लास्टिकची फिल्म तोवर काढू नका. ठिपका निघालाच, तर फिल्म सोललेलं पॅनेल परत घेताना विक्रेते कुरकुर करतात. सगळं ठीक असेल तर बॅटरी पुन्हा सोडवून उरलेली जोडणी पुरी करा.

मी हात लावत नाही असेही लॅपटॉप आहेत. मॅकबुक त्यात पहिलं: तिथे व्यवहारात अख्खं झाकणच बदलावं लागतं, किंमतही तशीच. टचस्क्रीनमध्ये काच पॅनेलला चिकटवलेली असेल, तर तेही नको. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीलाच विचारा, पण अपघाताने फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. अशा मंडळींना मी सरळ पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड सांगते. तिथेही पॅनेल तुमच्या समोर लावून घ्या, पेटलेलं बघा, मगच पैसे द्या. स्टिकरचा फोटो असेल तर तो घेऊनच जा, कारण काउंटरवर तुमच्या लॅपटॉपचं नाव सांगून होण्याआधीच समोरून प्रश्न येतो: ‘पिन तीस की चाळीस?’