स्पर्धा नसलेले सोळा आठवडे

मागच्या हंगामात माझी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दोनदा ओढली गेली. दोन्ही वेळा ४०० मीटरच्या शेवटच्या वळणानंतर. भरधाव पळताना पुढे गेलेला पाय जमिनीला टेकण्याच्या जरा आधी या स्नायूवर सर्वांत जास्त ताण येतो. लांबत असतानाच त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. तेवढं बळ माझ्यात नव्हतं. शेवटची स्पर्धा झाल्यावर सरांशी बोलून ठरवलं, पुढचे १६ आठवडे ताकदीचे.

पहिले दोन आठवडे सरांनी जिमचं नावही काढू दिलं नाही. पोहणं, चालणं, भरपूर झोप. मग तीन आठवडे हलकी वजनं, १०-१२ रेप (म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा), स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठबस) आणि रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून कमरेतून वाकणं आणि उठणं) नीट बसेपर्यंत.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, सलग ५ रेपचा एक सेट असे ४ सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. दर आठवड्याला बारवर, म्हणजे वजनाच्या दांडीवर, अडीच किलो वाढत होते आणि मांड्या मात्र होत्या तेवढ्याच. सर म्हणाले, "सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जातंतूंची असते. स्नायूचे आहेत तेच धागे जास्त संख्येनं, एकदम कामाला लागतात." हे ऐकून मला चेव चढला. सर नसले की ठरल्यापेक्षा दहा किलो जास्त लावायचो आणि बार उठेनासा होईपर्यंत रेप काढायचो. दोन आठवडे अगदी छान वाटलं. मग एका सकाळी जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, स्नायूपेक्षा खूप सावकाश तयार होतो, हे मला तेव्हा कळलं. सरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण व्यायामही बंद केला नाही. वजन कमी केलं आणि प्रत्येक स्क्वॉट तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर. शिवाय भिंतीला पाठ टेकून ४५ सेकंद बसणं, पाच वेळा. दुसऱ्या दिवशी कळ वाढली नसेल तरच पुढे जायचं. तीन आठवडे यातच गेले. ते वाया गेले असं मला आजही वाटत नाही, कारण तिथूनच मी दर सेट दोन रेप हातात राखून थांबायला लागलो. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा नियमही मग कधी मोडला नाही. गंमत म्हणजे नवं वजन बहुतेक वेळा त्या हलक्या आठवड्यानंतरच उठायचं.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम केला. गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि अंग ताठ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातच हातांवर पडलो आणि पुढचे तीन दिवस खुर्चीत बसताना मांड्या दुखत होत्या. म्हणून आठवड्यातून एकदाच, ५ रेपचे २ सेट, इथून सुरुवात केली. शेवटी छाती जमिनीपासून वीतभर असेपर्यंत तोल सांभाळता यायला लागला.

स्क्वॉटमध्ये तीन रेपचं वजन ८० किलोंवरून ९७.५ वर आलं. शेवटच्या तीन आठवड्यांत सेट कमी केले, उड्या आणि छोट्या स्प्रिंट वाढवल्या.

हंगाम सुरू झाल्यावर जिम सोडली नाही. मिळवलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एक जड दिवस पुरतो. पहिल्या शर्यतीच्या चार दिवस आधीही बार खांद्यावर घेतला होता, तीन-तीन रेपचे दोन सेट.