बाहेर उभे राहण्याचे काम

आज धुराच्या खोलीतला सराव होता. माझ्या वाट्याला आत जाणे आले नाही; दाराबाहेर नोंदफलकापाशी उभे राहण्याचे काम आले. शहराच्या अग्निशमन दलात भरती झाल्यापासून ज्या सरावाची मी मनापासून वाट पाहत होते, त्याच दिवशी हातात पाण्याच्या होजऐवजी पेन्सिल आणि घड्याळ यावे, हे सकाळी थोडे जड गेले. आता रात्री लिहायला बसले असताना मात्र वाटते की फायरमन होणे म्हणजे काय, हे मला आजवरच्या कोणत्याही ड्रिलपेक्षा त्या फलकाने अधिक नीट दाखवले.

फलकाची पद्धत दिसायला साधी आहे. प्रत्येक बीए सेटला, म्हणजे पाठीवर घ्यायच्या श्वसन संचाला, एक टॅली, म्हणजे ओळखीची छोटी पट्टी, अडकवलेली असते. जवान मास्क चढवतो, सिलिंडर उघडतो, हवा कुठून निसटत नाही ना हे पाहतो आणि दाबमापकावरचा आकडा मोठ्याने सांगतो. तो आकडा आणि आत जाण्याची वेळ टॅलीवर लिहून ती फलकात खोचायची. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने टॅली परत घेईपर्यंत तो आतच आहे, असे धरायचे. ‘मी त्याला मागच्या बाजूला बघितले’ असे दुसऱ्या कुणी सांगितले, तरी त्यावर विसंबायचे नाही.

यापुढे गणित सुरू होते. आमचे सिलिंडर 6.8 लिटरचे असून ते 300 बार दाबाने भरलेले असतात, म्हणजे आत साधारण 2040 लिटर हवा मावते. दाब 55 बारच्या आसपास उतरला की धोक्याची शिट्टी वाजू लागते. म्हणून शिट्टी वाजेपर्यंत वापरायला हिशेबात धरायची हवा उरते सुमारे 1666 लिटर. मिनिटाला 40 लिटर हा ठोकताळा लावला, तर शिट्टीपर्यंत चाळीस-एक मिनिटे मिळतात. कागदावर हे पुरेसे वाटते. पण अंगावर जड पोशाख, हातात पाण्याने भरलेला होज आणि डोळ्यांपुढे मिट्ट काळोख असला की तोच माणूस साठ, ऐंशी, कधी त्याहूनही जास्त लिटर हवा ओढतो, आणि ती चाळीस मिनिटे वीस-बावीसवर येतात.

आज हेच माझ्यासमोर घडले. आमच्यातली एक जोडी खोलीत ठेवलेला पुतळा शोधण्यासाठी आत गेली. दोघांचेही सिलिंडर पूर्ण भरलेले होते आणि दोघे एकाच क्षणी आत शिरले. दहा मिनिटांनी मी वॉकीटॉकीवर दाब विचारला, तेव्हा एकाने 210 सांगितला आणि दुसऱ्याने 170. दुसऱ्याच्या सिलिंडरमधून दहा मिनिटांत 130 बार गेले होते आणि शिट्टी वाजेपर्यंत त्याच्याकडे 115 बार उरले होते. आत जायला जितकी हवा लागली, तितकीही परतीसाठी शिल्लक नव्हती. शिट्टी ही निघण्याची वेळ नसते, तिच्या आधी माणूस बाहेर असायला हवा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यापासून सांगितले गेले आहे. जोडीची वेळ नेहमी कमी हवा असलेल्याच्या आकड्यावरून ठरते, आणि एकाला आत ठेवून दुसऱ्याने बाहेर यायचे, हा पर्यायच नसतो. मी दोघांनाही परत फिरायला सांगितले.

पुतळा तेव्हा सापडलेला नव्हता. ज्याच्याकडे 210 बार होते, तो बाहेर आल्यावर म्हणाला, ‘अगं, आणखी दोन मिनिटे दिली असतीस तर मिळाला असता, शेवटच्याच खोलीत होता.’ त्याचे म्हणणे खरे होते. पुढच्या जोडीला पुतळा तिथेच सापडला. प्रशिक्षक सर त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त फलकावरचे दोन्ही आकडे आम्हा सर्वांना पुन्हा वाचायला लावले.

खऱ्या वर्दीवर, म्हणजे आगीची खबर येऊन गेल्यावर, त्या खोलीत पुतळ्याच्या जागी माणूस असेल, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. तरीही मी हाच निर्णय पुन्हा घेईन. हवा संपलेला जवान कुणाला वाचवू शकत नाही. उलट त्याला शोधण्यासाठी ताज्या दमाची जोडी अडकून पडते, आणि ज्याच्यासाठी ती आत जायची, तो मागेच राहतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सोफ्याचा आणि गादीचा फोम जळाला की त्यातून हायड्रोजन सायनाइडही निघतो. मास्क काढून घेतलेले थोडेच श्वास विचारशक्ती हिरावून घ्यायला पुरतात.

आमच्या सरावाच्या खोलीत धूर कृत्रिम असतो आणि उष्णता मुळीच नसते, ही गोष्ट मी स्वतःला वारंवार सांगते. खऱ्या आगीत छताखाली साठलेला धूर हेच इंधन असते. तिथले तापमान 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत गेले की खोलीतली जवळपास प्रत्येक वस्तू एकाच वेळी पेट घेते. हा फ्लॅशओव्हर झाला, तर आमचा पोशाख जेमतेम काही सेकंदांची मुभा देतो. म्हणून दार उघडे टाकायचे की ओढून घ्यायचे, पाण्याचा फवारा वरच्या धुरावर कधी मारायचा, हे आत जाण्याआधीच ठरवावे लागते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1700 पट जागा व्यापते. नको तिथे नको तितके पाणी मारले, तर ती वाफ आपल्याच अंगावर येते.

जोडी बाहेर आल्यावरही माझे काम संपत नव्हते. पोशाख धुऊन होईपर्यंत कुणी मास्क काढू नये, यावर लक्ष ठेवायचे होते. पूर्वी काजळीने माखलेला पोशाख अभिमानाने मिरवला जाई, असे जुने जवान सांगतात. 2022 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, अग्निशामकाच्या कामातील संपर्कच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला. तेव्हापासून त्या काजळीकडे मला वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तोंड, मान, हात लगेच धुणे आणि वापरलेला पोशाख राहण्याच्या खोलीत न आणणे हेही माझ्या लेखी आग विझवण्याइतकेच या नोकरीचे काम आहे, आणि त्यात टंगळमंगळ करणाऱ्याला टोकायला मी संकोचणार नाही.

उद्या माझी आत जाण्याची पाळी आहे. बाहेरून विचारणा होण्याची वाट न पाहता दर पाच मिनिटांनी आपणच एकमेकांचा दाब वाचून कळवायचा, असे मी माझ्या जोडीदाराला संध्याकाळीच सांगितले. तो तयार झाला आणि त्याने त्यात भर घातली की ज्याची हवा लवकर संपते त्याने पुढे राहावे, म्हणजे चालण्याचा वेग त्याच्या श्वासावर ठरेल. सरांना विचारून उद्या तसे करून पाहू.