आमच्या गावची बेचाळीस किलोमीटर

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज शाळेला सुट्टी आहे म्हणून बसले. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला सायन्स शिकवते. मुलांची नावं मुद्दाम टाकत नाही, लहान आहेत, आणि गावचं नावही राहू दे.

सुरुवात झाली ती नववीतल्या एका मुलीमुळे. जूनमध्ये तास संपल्यावर आली आणि म्हणाली, टीचर मला मॅरेथॉन धावायची आहे. मी म्हटलं अगो बाय, मोठ्या स्पर्धांमध्ये पूर्ण ४२ किलोमीटरला वय १८ पूर्ण लागतं, तू आत्ता चौदाची. तिचा चेहरा पडला. पण तो नियम मला पटतो, वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कच्ची असतात, तेवढ्या अंतराचा मार त्यांना देऊ नये. तरी तो चेहरा काय डोक्यातून जाईना. मग वाचता वाचता जपानची एकिदेन सापडली. म्हणजे रिले, पण लांब रस्त्यावरची, हातात बॅटन नसतो, खांद्यावरून आडवा कापडी पट्टा घालायचा आणि तो पुढच्याच्या खांद्यावर द्यायचा. १९१७ साली पहिली झाली, क्योटो ते टोकियो, तीन दिवस. आता काही एकिदेनमध्ये मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर सहा जणांत वाटतात, ५, १०, ५, १०, ५ आणि शेवटच्याला ७.१९५. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर पहिला प्रश्न, टीचर ते १९५ मीटर कशाला? मग १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट सांगावी लागली, शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली आणि पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं झालं.

मग ठरलं, आपणही अशीच धावायची, आणि रस्ता आमच्याच गावचा. देवळाच्या तळीकडून निघायचं, कुळागरांच्या म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या मधून खाली, ओहळावरच्या साकवावरून वर चढ आणि वाड्यावाड्यातून परत तळीकडे. सर्व्हेत नोकरी केलेल्या एका काकांनी मोजमापाचं चाक घेऊन दोनदा मोजलं आणि सुरुवातीची खूण थोडी मागे घेऊन बरोब्बर ५ किलोमीटर बसवलं. आठ फेऱ्या म्हणजे ४०, उरलेलं २.१९५ तळीकडून सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, आंब्यापर्यंत जाऊन परत.

चौदा मुलं आली, आठ मुली सहा मुलगे. शाळा पावणेआठला भरते त्यामुळे धावायचं पहाटेच, आणि पावसाळा म्हणजे आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा, रस्त्यावर शेवाळ, शिवाय कुत्री. पण खरी अडचण काळोखाची होती. सव्वापाचला मुलगी घराबाहेर पाठवायची कोण? दोघींच्या आयांनी सरळ नाही म्हटलं आणि मला त्यांचा राग आला नाही, माझी मुलगी असती तर मीही हेच म्हटलं असतं. ओहळापलीकडे अर्धा किलोमीटर एकही दिवा नाही. मी एका संध्याकाळी घराघरात गेले, वर्गणी मागायला नाही, एवढंच सांगायला की सोमवार, बुधवार आणि शनिवारी सव्वापाच ते साडेसहा ओसरीवरचा बल्ब पेटता ठेवा. दुसऱ्या सोमवारी बाहेर पडले तर चढावर शेवटच्या घरापर्यंत पिवळे बल्ब, आणि ओहळापलीकडे दिवा नाही तिथे फौजेतून निवृत्त झालेले काका बॅटरी घेऊन दगडावर बसलेले. पुढचे साडेपाच महिने ते तिथेच बसले, पावसात छत्री घेऊन. त्या दोघी आया आठवड्याभरात आपणच मुलींना आणून सोडायला लागल्या.

पोदेराचं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचं, तर काय सांगू. त्याची सायकल आणि आमची धाव एकाच वेळेची, पों पों वाजलं की कुत्री आपोआप बाजूला. एकदा थांबून मलाच विचारतो, "टीचर, आयज एक चेडूं उणें?" त्याने मोजून ठेवली होती मुलं! त्या दिवशी खरंच एक कमी होती, पायाच्या नळीत दुखत होतं तिच्या. ती चूक माझी. गणेश चवथीच्या सुट्टीत सगळं थांबलं होतं आणि ते भरून काढायला मी एका आठवड्यात एकदम ४ किलोमीटर वाढवले, खरं तर दहा टक्क्यांच्या आसपास वाढवायला हवं होतं. तीन आठवडे तिला फक्त चालायला लावलं. ती रडली आणि मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

वेग किती ठेवायचा त्याला आमचं घड्याळ म्हणजे पाढा. धावता धावता तेराचा पाढा म्हणता आला तर वेग बरोबर, दम लागून अडला तर हळू व्हा. ऑक्टोबरमध्ये पाढा फार अडायला लागला, हवेत इतका दमटपणा की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं. तेव्हा एका आजीने सुचवलं की धावून आल्यावर पेज द्या. उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि तोराचं म्हणजे कैरीचं लोणचं. मी सायन्सवाली, विचार केला तर खरंच, पाणी, मीठ आणि स्टार्च, तिन्ही एका वाटीत, नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा कितीतरी बरं. त्या दिवसापासून आजीच्या ओसरीवर मोठा टोप. आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, जी मुली गुपचूप टाकून द्यायच्या, ती जेवून घ्यायला लागल्या कारण चढावर दम लागण्याचा आणि हिमोग्लोबिनचा संबंध आता त्यांना पुस्तकाबाहेर कळला होता.

बोटीवर असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सहा जोड बूट पाठवले. पट्टा आजीच्या जुन्या लाल चौकड्यांच्या कुणबी साडीचा, शिवून दिला शिंपीणबाईंनी.

दिवस ठरवला १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, सुट्टी म्हणून रस्ता मोकळा. पावणेसहाला काळोखात पहिला मुलगा निघाला. चौदातले सहा धावणारे, बाकीचे आठ सायकलवर पाणी घेऊन. गंमत अशी की फेरी गावातूनच असल्यामुळे प्रत्येक घरासमोरून आठ वेळा पट्टा जात होता. पहिल्या फेरीला लोक ओसरीवर, तिसरीला फाटकाशी, पाचवीला रस्त्यावर, कुणी कोकम घेऊन, कुणी केळी घेऊन, कुणी तेराचा पाढा ओरडून म्हणत. चौथा टप्पा १० किलोमीटरचा, तो त्या नववीतल्या मुलीचा. दुसऱ्या चढाला तिचे पाय जड झाले, तोंड पांढरं. मी थांब म्हणणार तेवढ्यात फौजी काका दगडावरून उठले आणि काही न बोलता तिच्या बाजूने चालत सुटले, ती धावत होती आणि वय सत्तरच्या पुढचे काका जवळजवळ तेवढ्याच वेगाने चालत होते, इतकी ती हळू झाली होती, पण थांबली नाही. वर आल्यावर काका थांबले, ती पुढे गेली.

शेवटचा मुलगा सड्यावरून तळीकडे वळला तेव्हा दहा वाजून गेले होते, ऊन चांगलंच चढलेलं. उरलेले पाचही जण त्याच्या मागून धावत आले. चार तास बावीस मिनिटं. पट्टा घामाने इतका ओला की आजीने तिथेच पिळला आणि धुवायला घरी नेला.

मुलांना मी सांगितलं होतं, आता दोन आठवडे विश्रांती, कुणी उठायचं नाही. मला मात्र सवयीने पाचला जाग आली आणि शनिवार होता म्हणून तशीच फेरी मारायला बाहेर पडले. मुलांना सांगितलं होतं पण गावाला सांगायचं राहून गेलं होतं. चढावरचे सगळे बल्ब पेटलेले होते, आणि ओहळापलीकडे बॅटरी.